धावण्याआधीचे चौदा महिने



कॅन्सर हा शब्द पूर्वी आपल्या घरांत आवाज खाली आणून उच्चारला जाई. आता तसे राहिलेले नाही. परळच्या टाटा रुग्णालयाची वाट पाठ झालेले एखादे तरी घर आज प्रत्येक आळीत सापडते. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना मात्र आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवते. उपचार चालू असतात तोवर घर माणसांनी भरलेले असते. कुणी फळे आणतो, कुणी डबा पाठवतो, कुणी रात्री सोबतीला थांबतो. मग एके दिवशी उपचार संपतात, डॉक्टर काही महिन्यांनी दाखवायला या म्हणून सांगतात आणि येणारी-जाणारी माणसे कमी होतात. माणूस वाचलेला असतो, पण पुढे जगायचे कसे ते त्याला कुणी सांगितलेले नसते. शरीर पूर्वीसारखे नसते. आजार परत येईल की काय, ही भीती उशाशी असते.

या अवघड जागी उभ्या राहिलेल्या एका तरुणाची कहाणी आज आपण पाहणार आहोत. त्याचे नाव टेरी फॉक्स. कॅनडा देशात शाळकरी पोरही त्याला ओळखते. एका पायाने धावत देश ओलांडायला निघालेला मुलगा म्हणून जग त्याला जाणते. आम्हांला मात्र त्या धावेइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, त्याआधीच्या चौदा महिन्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वेळी त्याला पाहायला रस्त्यावर गर्दी नव्हती.

हट्टी मुलगा

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी कॅनडातील विनिपेग शहरात झाला. वडील रोलंड रेल्वेत नोकरीला होते. आई बेटी चार मुलांचा संसार सांभाळत होती. फ्रेड थोरला, टेरी दुसरा, त्यांच्या पाठीवर डॅरेल आणि ज्युडिथ. पुढे हे कुटुंब देशाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलम या गावी येऊन राहिले.

टेरीला बास्केटबॉलचे वेड होते, पण तो होता बुटका. आठवीत असताना शाळेच्या व्यायामशिक्षकांनी त्याला या खेळापेक्षा लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळायला सुचवले. धावण्याची त्याला मुळीच आवड नव्हती. तरी शिक्षकांचा मान राखण्यासाठी तो धावला आणि बास्केटबॉलही सोडला नाही. त्या संपूर्ण हंगामात त्याला अवघे एक मिनिट मैदानात उतरायला मिळाले. सुट्टीतही त्याने सराव चालू ठेवला. नववीत त्याला संघात नियमित जागा मिळाली, दहावीत तो पहिल्या पाचांत आला. शाळेच्या शेवटच्या वर्षी उत्तम खेळाडूचा मान त्याला आणि त्याचा जिवलग मित्र डग अल्वर्ड याला मिळून देण्यात आला. अंगचे कसब कमी असेल तर चिकाटीने ते भरून काढायचे, ही सवय त्याला तेव्हाच लागली होती.

पुढे तो सायमन फ्रेझर विद्यापीठात दाखल झाला. नोव्हेंबर १९७६मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला. उजव्या गुडघ्याला थोडे लागले. नंतर गुडघा दुखू लागला तेव्हा अपघाताचेच दुखणे असेल, असे समजून त्याने खेळ चालूच ठेवला. मार्च १९७७मध्ये वेदना असह्य झाल्या. तपासणीत हाडाचा कॅन्सर निघाला. ९ मार्चला त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर कापावा लागला. वय होते अठरा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री शाळेतले एक प्रशिक्षक त्याला भेटायला आले. येताना त्यांनी धावण्याविषयीचे एक मासिक आणले होते. एक पाय गमावलेल्या डिक ट्रॉम नावाच्या गृहस्थाने १९७६ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण केल्याची हकीकत त्यात होती. प्रशिक्षकांनी काही फार मोठे केले नाही, एक मासिक तेवढे आणून दिले. पण आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यावे, हा प्रश्न आपल्याला पडतो तेव्हा हा प्रसंग आठवावा असे आम्हांला वाटते.

वाचल्याचे ऋण

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांच्या आत टेरी कृत्रिम पायावर चालू लागला. पण खरी परीक्षा पुढेच होती. सुमारे सोळा महिने त्याच्यावर केमोथेरपीचे उपचार झाले. डोक्यावरचे केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. त्याहून कठीण होते ते त्या वॉर्डात पाहावे लागणारे दृश्य. त्याच्याच वयाची, काही तर त्याच्याहून लहान मुले वेदनेने ओरडत होती. त्यांतली काही पुढच्या खेपेला दिसत नसत.

डॉक्टरांनी त्याला जगण्याची शक्यता निम्मी सांगितली होती. दोनच वर्षांपूर्वी हाच आजार झाला असता तर ती शंभरांत पंधरा एवढीच असती, हेही त्याला कळले. मधल्या काळात कुणीतरी प्रयोगशाळेत राबले होते, कुणीतरी त्यासाठी पैसा दिला होता, म्हणून तो जिवंत होता. ज्यांना त्याने कधी पाहिलेही नाही अशा माणसांचे हे ऋण होते. उपचार संपवून वॉर्डाबाहेर पडताना आपण सुटलो, एवढ्यावर त्याचे समाधान होईना. जे मागे राहिले त्यांचे काय, या विचाराने त्याला घेरले. संशोधनासाठी देश फार थोडा पैसा खर्च करतो, याचा त्याला रागही येत असे.

दरम्यान रिक हॅन्सन या तरुणाने त्याला चाकांच्या खुर्चीतून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलसाठी बोलावून घेतले. उपचार चालू असतानाच टेरी तो खेळ शिकला आणि त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदेही मिळवली. तरीही मासिकातली ती मॅरेथॉन त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत धावायचे आणि वाटेत संशोधनासाठी पैसा गोळा करायचा, असा बेत त्याने मनाशी केला. घरी मात्र आपण व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनची तयारी करतो आहोत, एवढेच सांगितले.

अर्ध्या मैलापासून

फेब्रुवारी १९७९मध्ये त्याने तयारी सुरू केली. सुरुवात होती अर्ध्या मैलाची, म्हणजे एक किलोमीटरही नाही.

त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेले असत, धावण्यासाठी नव्हेत. टेरीचा पाय फायबरग्लास आणि पोलादाचा होता. त्याचा गुडघा पुढे यायला वेळ लागे. तेवढा वेळ काढण्यासाठी टेरीला डाव्या पायावर दोनदा लंगडी घालावी लागे, मग उजवे पाऊल पडे. आपल्या अंगणात मुली लंगडी खेळतात, ती पाच मिनिटे घालून पाहावी. मग हा मुलगा मैलोन्‌मैल काय करत होता याची थोडी कल्पना येईल. कृत्रिम पायात बसवलेल्या मांडीच्या टोकाला गळवे येत, कातडी सोलवटून रक्त वाही. सगळा भार सोसणाऱ्या डाव्या पायाला फोड येत, नखे गळून पडत. धावायला लागल्यावर पहिली वीसेक मिनिटे वेदना अतोनात असत. ती ओलांडली की धावणे थोडे सुसह्य होई, हे त्याला अनुभवाने कळले. ही वीस मिनिटे त्याला रोज नव्याने ओलांडावी लागत. काल ओलांडली होती म्हणून आज सूट मिळत नसे.

अर्ध्या मैलाचा हळूहळू एक मैल झाला, मग दोन. धावलेल्या अंतराची नोंद तो वहीत ठेवत असे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुमारास प्रिन्स जॉर्ज या गावी तो सत्तावीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. तो सर्वांत शेवटी आला, त्याच्या आधीच्या धावपटूनंतर दहा मिनिटांनी. पण अंतिम रेषेपाशी थांबलेल्या लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. शेवटचा आला खरा, पण शर्यत पुरी झाली होती, आणि त्याला तेवढेच हवे होते.

त्यानंतर त्याने घरी खरा बेत सांगितला. आईला तो शुद्ध वेडेपणा वाटला. ती रागावली, काळजीने व्याकूळ झाली. मुलाला मरणाच्या दारातून परत आणलेल्या कोणत्या आईला वेगळे वाटेल? वडिलांनी मुलाचा स्वभाव ओळखला होता. त्यांनी फक्त केव्हा निघणार एवढेच विचारले. पुढे हीच आई त्याच्या कामाचा सर्वांत मोठा आधार झाली.

त्या हिवाळ्यात टेरी सलग एकशे एक दिवस धावला आणि दिवसाला तेवीस मैल, म्हणजे सुमारे सदतीस किलोमीटर अंतर कापू लागला. नाताळच्या दिवशी त्याने सुट्टी घेतली, तीही आईने विनवले म्हणून. नाताळच्या थोडेच आधी, धावताना त्याचा कृत्रिम पाय मध्येच मोडला आणि तो रस्त्यावर आपटला. उठून त्याने मोडलेले दोन्ही तुकडे काखेत मारले, हात दाखवून एक गाडी थांबवली आणि घर गाठले. घरी तुकडे एकमेकांना घट्ट आवळून बसवले आणि आणखी पाच मैल धावून आला. चौदा महिन्यांत त्याने असे सुमारे ५,००० किलोमीटर अंतर कापले. एवढे अंतर फक्त तयारीचे होते!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा आशेविषयीचा विचार आम्ही पाठ केला होता. आशा ज्या गोष्टीकडे डोळे लावते, ती चांगली असावी लागते, अजून हाती न आलेली असावी लागते, मिळायला कठीण असावी लागते आणि तरीही शक्य कोटीतली असावी लागते, असे ते मांडतात. परीक्षेत आम्ही ते बिनचूक लिहिले, पण त्याचा अर्थ टेरीची ही चौदा महिने वाचताना उमगला. सगळे आपोआप ठीक होईल असे मानून बसणे सोपे असते. त्यात कठीण काही नाही, म्हणून ती आशा नव्हे. आता काहीच होणार नाही म्हणून बसणेही एका अर्थाने सोपेच. आशा या दोहोंच्या मधल्या रस्त्याने चालते, आणि तो रस्ता अर्ध्या अर्ध्या मैलाने कापावा लागतो.

रस्त्यावर

ऑक्टोबर १९७९मध्ये टेरीने कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून पाठिंबा मागितला. सोसायटीला हे कितपत जमेल याची शंका होती. आधी मदत करणारे मिळव आणि हृदयतज्ज्ञांचा दाखला आण, असे त्याला सांगण्यात आले. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याचे दिसले. खेळाडूंमध्ये असे आढळते. त्रास झाला तर तत्काळ थांबायचे, या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. फोर्ड कंपनीने गाडी दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन आणि अदिदासने बूट. आपल्या नावावर वस्तू खपवू पाहणाऱ्यांना मात्र त्याने दारातूनच परत पाठवले. या धावेतून कुणाचाही नफा होता कामा नये, हा त्याचा नियम होता.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला, त्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या आणि धावू लागला. त्यातली एक बाटली दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागरात रिकामी करायची होती. रोजचे अंतर ४२ किलोमीटर, म्हणजे दररोज एक मॅरेथॉन. सोबत गाडी चालवायला आणि रांधायला मित्र डग होता.

पहिले दिवस वादळवाऱ्याचे, पावसाचे आणि हिमाचे गेले. कित्येक ठिकाणी त्याची कुणी दखलही घेतली नाही. मग पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम गोळा करून दिली, माणशी एक डॉलर. त्यावरूनच पुढे प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, हे त्याचे ध्येय झाले.

टेरी देवदूत नव्हता. तो तापट होता, थकला की जवळच्यांवर चिडे. पुढच्या प्रांतात पोहोचेतो त्याचे आणि डगचे बोलणे बंद झाले होते. समेट घडवायला सतरा वर्षांच्या धाकट्या डॅरेलला घरून बोलवावे लागले. नियमित तपासणीही टेरीने वाटेत नाकारली. या बाबतीत त्याचा कित्ता कुणी गिरवू नये. जिद्द मोठी असली, तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

ओंटारियो प्रांतात चित्र पालटले. इसाडोर शार्प या हॉटेल-उद्योजकाचा तरुण मुलगा १९७८ साली कॅन्सरने गेला होता. त्यांनी दर मैलाला दोन डॉलर देऊ केले आणि इतर ९९९ कंपन्यांनाही तसे आवाहन केले. टोरांटोत ११ जुलैला दहा हजार लोक त्याच्या स्वागताला जमले. ऑगस्टच्या अखेरीस कॅन्सरमुळे पाय गमावलेला एक दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून त्याच्यामागे आला. दोघे तळ्यात एकत्र पोहले. संपूर्ण प्रवासातला तो सर्वांत प्रेरणा देणारा दिवस असल्याचे टेरी मानत असे.

१ सप्टेंबर १९८०. थंडर बे शहराजवळ त्याला खोकल्याची जोरदार उबळ आली, छातीत कळ उठली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून त्याला हुरूप देत होती. त्यांच्यासमोर थांबणे त्याच्या जिवावर आले. ती रांग संपेपर्यंत तो धावत राहिला. रस्ता मोकळा झाल्यावर गाडीत चढला आणि डगला रुग्णालयात न्यायला सांगितले. कॅन्सर फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. पॅसिफिक अजून फार दूर होता.

अपुरी राहिलेली धाव

आठवड्याभरातच दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमातून एक कोटी पाच लाख डॉलर जमले. रुग्णालयात पत्रांचे ढीग येऊ लागले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपण त्याच्यासाठी प्रार्थना करीत असल्याची तार धाडली. ऑर्डर ऑफ कॅनडाचा सर्वोच्च सन्मान मिळवणारा तो सर्वांत लहान वयाचा मानकरी ठरला. फेब्रुवारी १९८१पर्यंत निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरांच्या पुढे गेला. देशाची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. माणशी एक डॉलर, हे ध्येय त्याच्या डोळ्यांदेखत पुरे झाले.

उपचार पुन्हा सुरू झाले होते, पण या वेळी गुण आला नाही. २८ जून १९८१ रोजी पहाटे, आईवडील-भावंडांच्या सहवासात टेरीने देह ठेवला. तेविसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता. मोठ्या राजकारण्यांसाठी उतरवतात तसे देशभर ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले.

टेरीच्या नावाने दरवर्षी धाव भरवावी, हे शार्प यांनी तो आजारी असतानाच सुचवले होते. १३ सप्टेंबर १९८१ला ती प्रथम झाली तेव्हा तीन लाख लोक सहभागी झाले. या धावेत क्रमांक काढत नाहीत, बक्षिसेही देत नाहीत. धावावे, चालावे, खुर्चीतून यावे, सारे सारखेच. पुढे अनेक देशांत ती होऊ लागली, आपल्या मुंबईतही ती झाली आहे. आई बेटी २०११मध्ये वारली, तोवर टेरीच्या नावाचा कुणी धंदा करू नये यासाठी ती डोळ्यांत तेल घालून जपत राहिली. आजवर या कार्यातून संशोधनासाठी पंच्याऐंशी कोटी डॉलरांहून अधिक पैसा उभा राहिला आहे. टेरीला झालेल्या आजारात आज अनेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. कॅन्सरग्रस्त हाडाचा भाग काढून तेथे कृत्रिम सांधा बसवतात. जगभरच्या असंख्य संशोधकांच्या कष्टाचे ते फळ आहे. टेरीला ज्या ऋणाची जाणीव झाली होती, ते असे पुढे पुढे फेडले जात आहे.

आपल्यासाठी

टेरी पॅसिफिकपर्यंत पोहोचला नाही. मग त्याची चौदा महिन्यांची तयारी फुकट गेली काय? आम्हांला तसे वाटत नाही. माणसाचे काम त्याच्याच हातून पुरे व्हावे असे नाही. पण दुसऱ्यांना पुढे नेता येईल, इतपत ते खरे असावे लागते. टेरीचे काम तसे होते, कारण अर्ध्या मैलाच्या पहिल्या दिवसापासून त्याने त्यात लबाडी केली नव्हती.

उपचार संपवून घरी आलेल्या आपल्या बंधुभगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे, की कुणालाही पाच हजार किलोमीटर धावायचे नाही. डॉक्टरांना विचारून उद्या फाटकापर्यंत चालावे, परवा विहिरीपर्यंत, आठवड्याने चर्चच्या पायरीपर्यंत. तेही जमले नाही तर खंत करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करता येते.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहू नये. कुठे काय चुकले, कशामुळे झाले, याच्या चौकशा करू नयेत. शक्य असेल तर रक्तदान करावे. संध्याकाळी अर्धा तास काढून त्यांच्या दाराशी जावे आणि थोडे चालून येऊ या का, असे विचारावे. त्यांच्या पावलाला पाऊल लावून, त्यांच्याच वेगाने चालावे. घर शांत झाल्यावर त्यांना अशीच सोबत लागते.

या रविवारी घरी जाताना वाटेवरच्या अशा एखाद्या दाराची आपल्याला आठवण व्हावी, हीच सदिच्छा.